उपग्रहाला जंगल दिसतं, मग निर्णय कुठे अडतो?

'भारतातलं जंगल वाढलं' ही पोस्ट तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेली असेल. आणि 'भारताने २३ लाख हेक्टर जंगल गमावलं' ही पोस्टसुद्धा. मग कमेंट्समध्ये नेहमीचं भांडण. एक बाजू म्हणते सरकार खोटं बोलतंय, दुसरी म्हणते परदेशी संस्था देशाची बदनामी करतायत.

गंमत अशी की हे दोन्ही आकडे उपग्रहांनी काढलेल्या फोटोंवरूनच आलेत.

आज भारतात जंगलावर नजर ठेवायला उपग्रह आहेत, कॅमेरा ट्रॅप आहेत, मोबाईल ॲप आहेत, एआय आहे. एखाद्या खाणीला जंगल द्यायचं की नाही, हे ठरवायला मदत करणारं सॉफ्टवेअरही आहे. त्याला 'डिसिजन सपोर्ट सिस्टीम' म्हणतात, म्हणजे निर्णय घ्यायला मदत करणारी यंत्रणा. मग इतकं सगळं हाताशी असताना जंगलाचे प्रश्न सुटत का नाहीत? समजून घेऊया.

आधी हे दोन आकडे बघू

पहिला आकडा सरकारचा आहे. देहरादूनची 'फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया' (एफएसआय) ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या जंगलाचा अहवाल काढते. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यानुसार देशातलं वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन मिळून ८,२७,३५७ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या २५.१७ टक्के. २०२१ च्या तुलनेत त्यात १,४४५ चौरस किलोमीटरची वाढ झाली.

हेडलाइन इथेच संपली. पण ही वाढ फोडून बघितली तर चित्र बदलतं. १,४४५ पैकी १,२८९ चौरस किलोमीटर वाढ 'वृक्षाच्छादना'ची आहे, म्हणजे शेताच्या बांधावरची, रस्त्याकडेची, गावातली, शहरातली झाडं आणि छोटे झाडांचे पट्टे. 'वनाच्छादन' वाढलं ते फक्त १५६ चौरस किलोमीटर. आणि त्याच अहवालात ईशान्य भारतातलं वनाच्छादन ३२७ चौरस किलोमीटरने घटल्याची नोंद आहे.

दुसरा आकडा 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' या जागतिक प्लॅटफॉर्मचा. त्यांच्या माहितीनुसार २००१ ते २०२३ या काळात भारताने सुमारे २३.३ लाख हेक्टर वृक्षाच्छादन गमावलं. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याची स्वतःहून दखलही घेतली.

मग खरं कोण? दोघंही. कारण दोघं वेगळी गोष्ट मोजतायत.

ग्लोबल फॉरेस्ट वॉच पाच मीटरपेक्षा उंच झाडोरा बघतं आणि त्यातला किती गेला ते सांगतं. त्या काळात दुसरीकडे कुठे नवी झाडं वाढली असतील, तर ती या आकड्यातून वजा होत नाहीत. एफएसआय मात्र ठरावीक काळानंतर 'आत्ता एकूण किती आहे' ते बघते. एक जण पाकिटातून किती पैसे गेले ते सांगतोय, दुसरा आत्ता पाकिटात किती आहेत ते सांगतोय.

पण 'जंगल' म्हणजे नक्की काय?

खरा पेच या प्रश्नात आहे.

एफएसआयच्या व्याख्येनुसार जमिनीचा सलग तुकडा किमान एक हेक्टरचा असेल आणि वरून बघताना त्यातली किमान १० टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली असेल, तर ते 'वनाच्छादन'. जमीन कुणाच्या मालकीची आहे, झाडं कोणती आहेत, याचा संबंध नाही. म्हणजे आंब्या-काजूची बाग, बांबू, नारळी-पोफळी हे सगळं यात येऊ शकतं.

कोकणातलं उदाहरण घ्या. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात रबराची लागवड वाढली आहे. समजा तिथलं एखादं जुनं जंगल कुणी तोडलं आणि तिथे रबर लावलं. काही वर्षांत रबराची झाडं मोठी होतील, वरून हिरवं छत्र दिसेल आणि नकाशावर तो तुकडा पुन्हा 'वनाच्छादन' म्हणून येईल. उपग्रह खोटं बोलला का? अजिबात नाही. त्याला 'वरून हिरवं दिसतंय का' एवढंच विचारलं होतं. त्या जंगलात राहणाऱ्या शेकरूचं काय झालं, ओढ्याचं पाणी मार्चपर्यंत टिकतं का, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

म्हणजे तंत्रज्ञान कितीही भारी असलं तरी काय मोजायचं, हे आधी माणूस ठरवतो. निम्मा निर्णय तिथेच झालेला असतो.

मग हे तंत्रज्ञान बिनकामाचं आहे का?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. काही कामं अशी आहेत जी माणसाला एकट्याने कधीच जमली नसती.

२०१८ ची व्याघ्रगणना आठवा. १४१ ठिकाणी मिळून २६,८३८ जागी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यातून जवळपास ३ कोटी ४८ लाख फोटो आले. त्यात वाघाचे फोटो किती? ७६,६५१. एवढ्या ढिगातून ते शोधायला प्राणी ओळखणारं सॉफ्टवेअर वापरलं. आणि आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे पट्टे जुळवून एकच वाघ दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घेता आली. पूर्वी पायाच्या ठशांवरून वाघ मोजायचे. त्या पद्धतीवर इतके आक्षेप आले की ती सोडून द्यावी लागली.

वणव्याचंही तसंच. एफएसआय २००४ पासून उपग्रहावरून वणव्यांवर लक्ष ठेवते. सुरुवातीला वापरल्या गेलेल्या 'मोडिस' सेन्सरला साधारण एक किलोमीटरचा चौकोन दिसायचा. २०१७ पासून 'व्हीर्स' सेन्सरची माहिती वापरली जाते, त्याला ३७५ मीटरचा चौकोन दिसतो. आग दिसली की ती कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या रेंजमध्ये, कोणत्या बीटमध्ये आहे हे नकाशाशी जुळवून थेट तिथल्या वन कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो. २०२३-२४ च्या हंगामात देशभरात अशी २,०३,५४४ आगीची ठिकाणं उपग्रहांनी टिपली.

आता हा मेसेज मिळणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करा.

मेसेज आला, पुढे काय?

'व्हीर्स' ज्या उपग्रहांवर आहे ते एखाद्या भागावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दुपारी तीनला आग लागली, तर या उपग्रहांना ती दिसायला रात्र उजाडू शकते. तोवर वारा असेल तर डोंगराचा अख्खा उतार जळून गेलेला असतो. ही उणीव भरून काढायला आता जमिनीवरचे कॅमेरे येतायत. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये धूर दिसताच काही मिनिटांत इशारा देणारी एआय यंत्रणा बसवण्यात आली.

पण धूर दिसला म्हणजे आग विझली असं होत नाही. एका वनरक्षकाकडे शेकडो हेक्टरची बीट असते. मेसेज वाचून तो निघणार, बहुतेक वेळा रोजंदारीचे दोन-चार मजूर गोळा करून. मोबाईलला रेंज असेल तर मेसेज वेळेत मिळणार. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच साफ केलेला पट्टा, उन्हाळ्याआधी नीट काढली असेल तर आग तिथे थांबणार. नसेल तर ॲप कितीही नवं असलं तरी शेवटी हातात झाडाची ओली फांदी घेऊनच आग झोडपावी लागते.

आणि आग लागते का? आपल्याकडच्या बहुतेक वणव्यांमागे माणूस असतो. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी, कोवळी पानं यावीत म्हणूनही आग लावली जाते. उपग्रह आगीचे अक्षांश-रेखांश सांगतो. काडी लावणाऱ्याच्या पोटाचा हिशोब त्याला कळत नाही. आणि तो हिशोब बदलल्याशिवाय पुढच्या मार्चमध्ये मेसेज पुन्हा येणारच.

सॉफ्टवेअरने 'नाही' म्हटलं तर?

आता मोठ्या निर्णयांकडे येऊ. खाण, धरण, महामार्ग यासाठी जंगलाची जमीन हवी असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. प्रस्ताव 'परिवेश' पोर्टलवर ऑनलाइन दाखल होतो. मागितलेल्या जमिनीचा डिजिटल नकाशा डिसिजन सपोर्ट सिस्टीमवर टाकून तपासतात. जंगल किती दाट आहे, अभयारण्य किती जवळ आहे, वाघांचा भ्रमणमार्ग लागतो का, अशी माहिती समोर येते.

कोणतं जंगल अजिबात हात न लावता ठेवायचं, यासाठी सहा निकषही सुचवले गेले आहेत: वनाचा प्रकार, घनता, जैविक समृद्धी, वन्यजीव, भूभागाची सलगता आणि पाण्याच्या दृष्टीने महत्त्व.

ऐकायला उत्तम. पण याचा कस कुठे लागला ते बघायचं तर छत्तीसगडच्या हसदेव अरण्यात जावं लागेल.

२००९-१० च्या सुमारास पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयाने मिळून देशातल्या नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे वनाच्छादनाच्या नकाशांवर ठेवून बघितले. आपलं वर्धा खोऱ्याचं कोळसा क्षेत्रही त्यात होतं. नियम सोपा होता. खाणपट्ट्यात ३० टक्क्यांपेक्षा जास्त वनाच्छादन असेल, किंवा घनतेनुसार भार देऊन काढलेलं वनाच्छादन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर 'नो-गो', म्हणजे खाणीला मनाई. हसदेव अरण्याचं अख्खं कोळसा क्षेत्र 'नो-गो'मध्ये आलं.

पुढे काय झालं?

जून २०११ मध्ये वन सल्लागार समितीची शिफारस विरोधात असतानाही तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिथल्या खाणपट्ट्यांना तत्त्वतः मंजुरी दिली. हे पट्टे जंगलाच्या कडेला आहेत, मुख्य जंगलापासून डोंगराने वेगळे झाले आहेत, अशी कारणं त्यांनी लेखी मांडली. २०१४ मध्ये हरित लवादाने परसा ईस्ट-केते बासन या पट्ट्याची मंजुरी रद्द केली. पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यामुळे खाणकाम सुरू राहिलं. २०२१ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास करून सांगितलं की सुरू असलेली खाण सोडून बाकी क्षेत्र 'नो-गो' ठेवावं, नाहीतर हत्ती आणि माणसांमधला संघर्ष चिघळेल. २०२२ मध्ये याच खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १,१३६ हेक्टर जंगलाला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी छत्तीसगड विधानसभेने तिथले सगळे खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे पोलीस बंदोबस्तात पुन्हा झाडं कापली गेली.

या सगळ्यात माहितीची कमतरता कुठे होती? नकाशा होता, निकष होते, अहवाल होता. कमतरता होती ती 'नाही' हे उत्तर पाळण्याची.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. सॉफ्टवेअर सांगेल तेच करायचं, असंही असू शकत नाही. देशाला वीज लागते आणि तोलूनमापून निर्णय घेण्यासाठीच आपण लोकप्रतिनिधी निवडतो. निर्णय-सहाय्य यंत्रणेचं काम सहाय्य करणं हेच आहे. पण ती डावलली तर का डावलली, हे लोकांना दिसलं पाहिजे. आणि अजून एक: वरचे सहा निकष पुन्हा वाचा. त्या जंगलात राहणारी, तिथल्या मोहा-चारोळीवर जगणारी माणसं त्यात कुठेच नाहीत.

याच नकाशाने माणूस 'गायब' केला तेव्हा

आता उलट बाजू. वनहक्क कायदा २००६ चा. जे आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसतायत, त्यांना त्या जमिनीचा हक्क मिळतो. दावा सिद्ध कसा करायचा? जुनी कागदपत्रं, गावातल्या ज्येष्ठांची साक्ष, जमिनीवरच्या खुणा, असे अनेक मार्ग कायद्याने दिलेत.

पण अनेक ठिकाणी अधिकाऱ्यांनी सोपा रस्ता धरला: जुना उपग्रह फोटो बघायचा. त्यात शेत दिसत नाही? दावा नामंजूर. आता डोंगरउतारावरचं दीड एकराचं शेत, त्यात मोहाची चार मोठी झाडं राखलेली, एखाद्या वर्षी जमीन पडीक ठेवलेली. वरून ते जंगलच दिसणार.

म्हणून २०१२ मध्ये नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेऊ शकणार नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये, केवळ उपग्रह प्रतिमेच्या आधारे दावे नाकारता येणार नाहीत, असं सांगितलं.

म्हणजे एकीकडे उपग्रहाने 'इथे दाट जंगल आहे' म्हटलं तरी खाण झाली. दुसरीकडे 'इथे शेत दिसत नाही' म्हटलं की तोच शेवटचा शब्द मानला गेला. यंत्रणा तीच. समोर कंपनी आहे की दीड एकरवाला, यावर तिचं वजन बदललं.

ब्राझीलने काय दाखवलं?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून ॲमेझॉनमधली जंगलतोड उपग्रहाने मोजते. २००४ मध्ये त्यांनी 'डेटेर' ही झटपट इशारा देणारी यंत्रणा आणली. त्या वर्षी ॲमेझॉनमध्ये सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तोडलं गेलं होतं. २०१२ पर्यंत हा आकडा सुमारे ४,६०० वर आला. कारण इशारा आला की अंमलबजावणी पथकं खरंच पोहोचायची, दंड व्हायचा आणि नियम मोडणाऱ्यांचं बँक कर्ज अडायचं.

मग सरकार बदललं. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी या आकड्यांवरच शंका घेतली आणि संस्थेचे प्रमुख रिकार्डो गॅल्व्हाव यांना पदावरून दूर केलं. उपग्रह फिरतच होते, इशारे येतच होते. तरी २०२१ मध्ये जंगलतोड १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेली. २०२३ मध्ये पुन्हा सत्तांतर झालं, कारवाई सुरू झाली आणि २०२४ चा आकडा सुमारे ६,३०० पर्यंत उतरला.

या वीस वर्षांत इशारे कधीच थांबले नव्हते. फरक पडला तो इशारा ऐकणाऱ्यांमुळे.

आणि पाचगावने काय केलं?

शेवटचं उदाहरण आपल्याच घरचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. २०१२ मध्ये या गावाला १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबू कधी, किती आणि कसा तोडायचा याचे नियम केले आणि स्वतः बांबू विकायला सुरुवात केली.

त्यांनी अजून एक निर्णय घेतला, तो म्हणजे तेंदूपत्ता तोडायचा नाही. हातात येणारे पैसे सोडायचे. कारण तेंदूच्या पानासाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते आणि पक्षी-प्राण्यांना मिळणारं तेंदूचं फळही जातं. वणव्याचं जे कारण उपग्रहाला दिसत नाही, त्यावर या गावाने ग्रामसभेत बसून उपाय काढला. बांबूची कमाई हातात असल्यामुळे तो परवडला, हेही तितकंच खरं.

याचा अर्थ नकाशे फेकून द्या असा नाही. उलट जीपीएस, नकाशे, आगीचे मेसेज अशा ग्रामसभांच्या हातात आले, तर त्यांचा उपयोग कितीतरी वाढेल. आज ही माहिती बहुतांशी वरून खाली येते. देहरादूनमध्ये तयार होते, नागपूरला पोहोचते. ज्याच्या घरामागे जंगल आहे त्याच्यापर्यंत ती सगळ्यात शेवटी जाते.

पुढच्या वेळी अशी पोस्ट आली तर?

शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, 'जंगल' कशाला म्हटलंय? वनाच्छादन, वृक्षाच्छादन की दोन्ही मिळून?

दोन, वाढ कुठे झाली आणि घट कुठे? बेरीज-वजाबाकी करून आलेल्या एका आकड्यात दोन्ही लपतात. एका ठिकाणचं जुनं जंगल आणि दुसऱ्या ठिकाणची नवी लागवड एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

तीन, नवं ॲप किंवा एआय यंत्रणा आल्याची बातमी असेल तर एकच प्रश्न विचारा: इशारा आल्यावर कारवाई करणं कुणावर बंधनकारक आहे, आणि केली नाही तर काय?

आणि एक कामाची गोष्ट. एफएसआयचे वणव्याचे मेसेज फक्त वन खात्यासाठी नाहीत. त्यांच्या वेबसाईटवर मोबाईल नंबर नोंदवून तुम्हीही तुमच्या भागासाठी ते मिळवू शकता. गाव जंगलाजवळ असेल तर उन्हाळा लागायच्या आत एवढं करून ठेवा. गावाच्या ग्रुपवर तो मेसेज वनरक्षकाच्या आधीही पोहोचू शकतो.